हायब्रिड गाडीत इंजिन चाकांपासून किती मोकळं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही चार गाड्या पाहिल्यात, चारही 'हायब्रिड' आहेत. एक विक्रेता म्हणतो, हिला चार्जिंग लागतच नाही. दुसरा म्हणतो, रोज रात्री चार्जिंगला लावा. तिसरा सांगतो की इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकांना हातही लावत नाही. चौथ्या गाडीचं ॲव्हरेज तर साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जेमतेमच जास्त आहे. मग यांतली खरी हायब्रिड कोणती, हायवेवर तिचा काही उपयोग होतो का आणि बॅटरी लवकर जाते का, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही विक्रेत्यांनी तुम्हाला खरंच सांगितलंय. अडचण अशी की चारही गाड्या आतून अगदी वेगळ्या आहेत आणि 'माइल्ड', 'स्ट्राँग', 'फुल', 'सेल्फ-चार्जिंग', 'प्लग-इन' या नावांवरून आत काय चाललंय ते कळत नाही. हायब्रिड गाड्या दुरुस्त करणं आणि मेकॅनिकना त्या शिकवणं हे माझं काम आहे. शिकवताना मी नावांपासून सुरुवात करत नाही, दोन प्रश्नांपासून करतो. या गाडीत इंजिन चाकांपासून किती मोकळं आहे? आणि या गाडीत बाहेरून वीज भरता येते का? हे दोन प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. लोक माइल्ड, मग फुल, मग प्लग-इन अशी एकच शिडी मनात धरतात आणि तिथेच गोंधळ होतो. प्लग-इन ही त्या शिडीची वरची पायरी नाही, ती वेगळ्याच दिशेची गोष्ट आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. तुमच्यासाठी कोणती गाडी योग्य हे तुमचं रोजचं अंतर, त्यातला थांबत-थांबत चालण्याचा वाटा, गाडी उभी राहते तिथे चार्जिंगची सोय आणि गाडी किती वर्षं ठेवणार यावर ठरेल. यांतलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे एक मॉडेल घ्या म्हणून मी सांगणार नाही. पण पुढचं समजून घेतलंत तर निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येईल.

आधी पेट्रोल जातं कुठे ते बघू. चांगलं आधुनिक पेट्रोल इंजिन त्याच्या आवडत्या वेगावर आणि आवडत्या भाराखाली चालत असेल तर पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामाला लावतं. पण शहरात त्याला ती संधी क्वचितच मिळते. हलक्या पायाने रांगत चालताना त्याची कार्यक्षमता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. सिग्नलला उभं असताना ती शून्य असते, कारण ताशी अर्धा ते एक लिटर पेट्रोल जळतं आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय मेहनतीने मिळवलेला वेग ब्रेक लावला की उष्णता होऊन उडून जातो. म्हणजे गळती तीन ठिकाणी आहे: उभं राहणं, ब्रेक लावणं आणि इंजिनाला नावडत्या भारावर चालवणं. ज्या हायब्रिडला प्लग नाही तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. 'आपोआप चार्ज होते' म्हणजे कुठून तरी फुकट वीज येते असं नाही. ती या तीन गळत्या कमी करते, बस. कोणता प्रकार कोणती गळती किती बुजवतो हे पाहिलं की नावांची गरज उरत नाही.

ब्रेकचं गणित इथेच मांडतो, कारण त्यावरून पुढचं बरंच उलगडतं. १,५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर तिच्या गतीत सुमारे २०८ किलोज्यूल ऊर्जा असते. विजेच्या हिशेबात ती ०.०६ युनिटसुद्धा भरत नाही. ताशी १०० ला ती साधारण ०.१६ युनिट होते. म्हणून ब्रेकची ऊर्जा साठवायला एक-दीड युनिटची छोटी बॅटरी पुरते. अवघड भाग साठवणं नसून ती ऊर्जा वेळेत घेणं आहे. ६० वरून पाच सेकंदांत थांबलात तर ते २०८ किलोज्यूल पाच सेकंदांत घ्यावे लागतात, म्हणजे जवळजवळ ४२ किलोवॅट. गाडीतली मोटर १० किलोवॅटची असेल तर ती त्यातला जेमतेम चौथा भाग पकडू शकते, उरलेलं ब्रेक पॅड तापवण्यात जातं. तीच गाडी तुम्ही पंधरा सेकंद घेऊन सावकाश थांबवलीत तर लागतात फक्त १४ किलोवॅट आणि तीच छोटी मोटर त्यातला बराच भाग वाचवते. (हवेचा आणि टायरचा रोध मी हिशेबात धरलेला नाही. तो धरला तर आकडे आणखी थोडे खाली येतील.) म्हणजे गाडी कोणतीही घ्या, लांबून अंदाज घेऊन हलका ब्रेक लावणाऱ्याला हायब्रिडचा फायदा जास्त मिळतो, आणि मोटर जितकी लहान तितकं हे जास्त लागू होतं.

आता तुमची चौथी गाडी, ॲव्हरेज जेमतेम वाढलेली. ती नक्कीच माइल्ड हायब्रिड असणार. यात नेहमीच्या अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, जागी जरा दांडगी मोटर बसवलेली असते आणि ती बेल्टने इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेली असते. इंजिन चालू करणं, ब्रेक लावताना वीज बनवणं आणि गाडी उचलताना इंजिनाला थोडा जोर देणं ही तिची कामं. सायकलवाल्याला चढावर कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी ही मदत असते. पेडल सायकलवाल्यालाच मारावं लागतं. इंजिन आणि मोटर कायम बांधलेली असल्याने इंजिन थांबवून फक्त मोटरवर गाडी चालवता येत नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे असं: इंजिनाला मोकळीक जवळजवळ शून्य.

बऱ्याच माइल्ड हायब्रिड ४८ व्होल्टवर चालतात आणि त्यामागे साधा हिशेब आहे. १२ व्होल्टवर २०० अँपिअर प्रवाह दिला तर २.४ किलोवॅट मिळतात, ४८ व्होल्टवर तेवढ्याच प्रवाहात ९.६. शिवाय ६० व्होल्ट डीसीच्या खाली असल्याने उच्च विद्युतदाबाच्या (हाय व्होल्टेज) गाड्यांना लागणारी इन्सुलेशनची आणि संरक्षणाची महागडी व्यवस्था टळते. गाडीची किंमत फारशी वाढत नाही ती यामुळेच. ही यंत्रणा उभं राहण्याची गळती बऱ्यापैकी बुजवते, ब्रेकची थोडीशी, तिसरीला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून फायदा बहुधा एक आकडी टक्क्यांतच राहतो. ती खोटी हायब्रिड नाही, तिच्याकडून मोठी अपेक्षा मात्र ठेवू नका. किंमत साध्या गाडीइतकीच असेल तर जरूर घ्या. फक्त 'हायब्रिड' या शब्दासाठी मोठी रक्कम जास्त मोजायला मी सांगणार नाही.

होंडाची १९९९ ची दोन आसनी इनसाइट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. तिच्यात एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या क्रँकशाफ्टलाच जोडलेली १० किलोवॅटची पातळ मोटर होती, मध्ये क्लच नव्हता. रचना बघितली तर ती माइल्डच्याच जातीची, तरी ॲव्हरेज अफाट. ते आलं ॲल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्यातून आणि हवेला कमीत कमी अडणाऱ्या आकारातून. एखाद्या हायब्रिडचं ॲव्हरेज चांगलं दिसलं की ते सगळं हायब्रिड यंत्रणेचंच श्रेय आहे असं धरू नये, ते एवढ्यासाठी.

पुढची पायरी म्हणजे इंजिन आणि मोटर यांच्यामध्ये एक क्लच घालणं. मोटर गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसते आणि क्लच सोडला की इंजिन पूर्ण थांबतं, गाडी फक्त मोटरवर चालते. क्लच जोडला की दोघं मिळून ओढतात. २०११ ची ह्युंदाई सोनाटा हायब्रिड या पद्धतीची होती, सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. यात इंजिनाला मोकळीक मिळते, पण ती 'आहे किंवा नाही' अशा दोनच अवस्थांत. जोडलेलं असताना इंजिनाचा वेग गिअरने ठरवलेला असतो, थोडाफार इकडेतिकडे करता येत नाही. चालवायला मात्र ही गाडी ओळखीची वाटते, गिअर बदलल्याचं जाणवतं, ॲक्सिलरेटर दाबला की आवाज आणि वेग बरोबर वाढतात. या प्रकारात मी चाचणी घेताना एकच गोष्ट कान देऊन बघतो: ताशी २०-३० च्या आसपास इंजिन चालू होऊन क्लच जोडला जातो त्या क्षणी हिसका बसतो का. नवीन गाडीत तो जाणवू नये.

याचाच एक उपप्रकार आहे, तो पटकन सांगून पुढे जातो. पुढच्या चाकांना इंजिन, मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर, दोघांचा आपसात दांड्याने काहीच संबंध नाही. त्यांना जोडतो तो रस्ताच. प्यूजोच्या ३००८ मध्ये डिझेल इंजिनाबरोबर अशी मांडणी आली होती. फोर-व्हील ड्राइव्ह मिळते, मागे जाणारा लांब शाफ्ट वाचतो.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण 'स्ट्राँग' किंवा 'फुल' हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या फार मोठ्या संख्येच्या गाड्यांत हीच यंत्रणा असते आणि हिच्याबद्दलच गैरसमज सर्वांत जास्त आहेत. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाने प्रियस आणली. तिच्यात नेहमीचा गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम करणारा टॉर्क कन्व्हर्टर नाही, वेगळा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. आहे तो एक प्लॅनेटरी गिअरसंच आणि दोन मोटर-जनरेटर. मधल्या छोट्या सन गिअरला पहिला मोटर-जनरेटर जोडलेला, बाहेरच्या रिंग गिअरला चाकं आणि दुसरी मोटर, आणि दोघांमध्ये फिरणाऱ्या छोट्या गिअरांच्या कॅरिअरला इंजिन. सुरुवातीच्या पिढ्यांत सन गिअरला ३० दाते आणि रिंगला ७८. या दोन आकड्यांतच सगळी गंमत आहे. इंजिनाचा जोर नेहमी याच प्रमाणात वाटला जातो: १०८ पैकी ७८ भाग, म्हणजे सुमारे ७२ टक्के, थेट चाकांकडे आणि उरलेला २८ टक्के जनरेटरकडे. जनरेटरने बनवलेली वीज दुसरी मोटर वापरते किंवा ती बॅटरीत जाते.

जोराचं प्रमाण ठरलेलं आहे, वेगाचं नाही. जनरेटर किती वेगाने फिरवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यामुळे चाकांचा वेग तोच ठेवून इंजिनाचा वेग हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. गाडी ताशी ५० ने जातेय, पण इंजिनाला मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर (आरपीएम) चालवायचं की २,५०० वर, की अजिबातच नाही, याची निवड खुली राहते. क्लचवाल्या गाडीत ही मोकळीक दोन टप्प्यांची होती, इथे ती सलग आहे. म्हणून ही यंत्रणा तिसऱ्या गळतीवर सर्वांत चांगलं काम करते: इंजिन चालवायचं तर त्याच्या आवडत्या भारावर, नाहीतर बंद. शिवाय कमी वेगाला लागणारा जोर मोटर पुरवते म्हणून ॲटकिन्सन पद्धतीने, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून चालणारं इंजिन वापरता येतं. असं इंजिन एकटं असतं तर गाडी उचलताना मरगळलेलं वाटलं असतं, पण पेट्रोल कमी खातं. चौथ्या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिनाची कमाल कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत पोचली ती याच वाटेने.

हे समजलं की वर्कशॉपमध्ये येणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात तक्रारी नसतात हे लक्षात येतं. 'चढावर इंजिन ओरडतं पण गाडी तेवढी पळत नाही, क्लच स्लिप होतोय' असं सांगत लोक येतात. स्लिप व्हायला तिथे क्लचच नाही. गाडीला जास्त शक्ती हवी आहे म्हणून कॉम्प्युटरने इंजिनाला वरच्या आरपीएमवर नेलंय आणि चाकांचा वेग हळूहळू वाढतोय, एवढंच. पाय थोडा सैल केला की आवाज उतरतो. काही जण याला बेल्टवाला सीव्हीटी, म्हणजे टप्प्यांशिवाय गुणोत्तर बदलणारा गिअरबॉक्स, समजतात आणि बेल्ट तुटण्याची काळजी करतात. 'ई-सीव्हीटी' या नावामुळे तो घोळ होतो, आत बेल्ट नसतो. रिव्हर्सही असाच. रिव्हर्स गिअर नसतोच, दुसरी मोटर उलटी फिरते. इंजिनाचा जोर चाकांकडे कायम पुढच्याच दिशेने जात असल्यामुळे मागे जाताना इंजिनाची मदत होत नाही. बॅटरी उतरलेली असताना तीव्र चढावर मागे जायची वेळ आली तर ही गाडी थोडी कमजोर वाटते. सुरुवातीच्या प्रियसमध्ये ताशी ६५-७० च्या वर इंजिन फिरतं ठेवावंच लागायचं, कारण इंजिन थांबलं की सन गिअर रिंगच्या २.६ पट वेगाने उलटा फिरतो आणि जनरेटरची मर्यादा गाठली जाते. गणित तेच, ३० आणि ७८.

तुमच्या तिसऱ्या विक्रेत्याची गाडी, जिच्यात इंजिन फक्त वीज बनवतं, ती सिरीज हायब्रिड. इथे इंजिनाला पूर्ण मोकळीक. चाकांशी त्याचा कसलाच यांत्रिक संबंध नाही. कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्श यांनी १९०० च्या सुमारास लोनर कंपनीसाठी अशीच गाडी बनवली होती, पेट्रोल इंजिनांनी वीज तयार करायची आणि चाकांमधल्या मोटरींनी गाडी ओढायची. डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनंही अशीच चालतात. मोटारींमध्ये निसानने २०१६ मध्ये नोट या मॉडेलला 'ई-पॉवर' नावाने ही पद्धत दिली: १.२ लिटरचं इंजिन फक्त जनरेटरला जोडलेलं, बॅटरी छोटी आणि चार्जिंगचा प्लग नाही. चालवायला ती इलेक्ट्रिक गाडीसारखी वाटते, कारण चाकांना फिरवते ती नेहमी मोटरच.

मग ही सर्वांत चांगली का नाही? कारण मोकळीक फुकट मिळत नाही. इंजिनाची शक्ती गिअरमधून थेट चाकांना दिली तर वाटेत पाच टक्क्यांच्या आसपास जाते. तीच शक्ती जनरेटर, इन्व्हर्टर (डीसी-एसी वीज बदलून मोटर चालवणारं उपकरण) आणि मोटर असा फेरा मारून आली तर १५-२० टक्केही जाऊ शकते. शहरात हा तोटा सहज भरून निघतो, कारण तिथे इंजिन सतत नावडत्या भारावर अडकलेलं असतं आणि त्याला सोडवण्याचा फायदा मोठा असतो. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना इंजिन तसंही बऱ्या भारावर असतं, तिथे फेरा मारण्यात फक्त तोटा. होंडाने २०१३ च्या ॲकॉर्ड हायब्रिडपासून यावर मला फार आवडलेला तोडगा काढला: कमी वेगाला सिरीज, पण हायवेचा वेग आला की एक क्लच इंजिनाला ठरावीक गुणोत्तराने थेट चाकांशी जोडतो. म्हणजे मोकळीक जिथे कामाची आहे तिथे घ्यायची आणि जिथे ती महाग पडते तिथे सोडून द्यायची.

हायवेबद्दलच्या तुमच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. हायवेवर थांबणं नाही, ब्रेक क्वचित, इंजिनाचा भार ठीक. तिन्ही गळत्या मुळातच लहान, त्यामुळे कोणत्याही हायब्रिडचा फायदा तिथे कमी होतो. प्लॅनेटरी आणि होंडासारख्या गाड्यांत तो ॲटकिन्सन इंजिनामुळे बऱ्यापैकी टिकतो, शुद्ध सिरीजमध्ये सर्वांत कमी उरतो. घाटाचा रस्ता असेल तर चित्र पुन्हा बदलतं, उतारावर भरपूर वीज परत मिळते. पण लांब उतारावर छोटी बॅटरी काही मिनिटांत भरते आणि त्यानंतर इंजिन ब्रेकिंगच वापरावं लागतं. त्या वेळी इंजिनाचा आवाज अचानक वाढला तर घाबरू नका, जास्तीची ऊर्जा गाडी इंजिन फिरवण्यात खर्च करत असते.

आता दुसरा प्रश्न, बाहेरची वीज. प्लग-इन म्हणजे यंत्रणेचा नवा प्रकार नाही. वरच्यापैकी कोणतीही रचना घ्या, बॅटरी बरीच मोठी करा आणि सॉकेट द्या, झाली प्लग-इन. २०१२ ची प्रियस प्लग-इन म्हणजे तोच प्लॅनेटरी संच आणि ४.४ युनिटची बॅटरी. २०१० च्या अखेरीस आलेल्या शेव्हरोले व्होल्टमध्ये बॅटरी होती १६ युनिटची. इथे पहिल्यांदाच पेट्रोलखेरीज दुसरीकडून ऊर्जा येते, म्हणून फायद्याची झेपही मोठी असते. अट एकच, ती रोज चार्जिंगला लागली पाहिजे. २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष इंधनवापराची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन अधिकृत चाचणीच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण चाचणीत धरलंय तेवढं लोक विजेवर चालवत नाहीत. रिकामी बॅटरी घेऊन फिरणारी प्लग-इन म्हणजे दीड-दोनशे किलो जादा ओझं वाहणारी साधी हायब्रिड. रोज चार्जिंगची खात्री नसेल तर ती घेऊ नका, हे मी प्रत्येकाला ठासून सांगतो.

रेंज एक्स्टेंडर हा याच दिशेचा टोकाचा प्रकार: मोठी बॅटरी, आणि अडल्या वेळेसाठी छोटं इंजिन जनरेटरला जोडलेलं. २०१३ च्या बीएमडब्ल्यू आय-थ्रीमध्ये मोटर १२५ किलोवॅटची, पण ऐच्छिक मिळणाऱ्या ६४७ सीसी इंजिनाचा जनरेटर २५ किलोवॅटच्या आसपासचा. सपाट रस्त्यावर ताशी १०० ला लागतात साधारण १५ ते २० किलोवॅट, तेवढे त्याला जमतात. पण १,५०० किलोची गाडी पाच टक्के चढावर ताशी ८० ने नेली तर फक्त चढासाठीच वरचे १६ किलोवॅट लागतात. बॅटरीत शिल्लक असेपर्यंत फरक पडत नाही, ती संपली आणि चढ लांब असला की गाडीचा वेग पडतो. म्हणून रेंज एक्स्टेंडर बघताना मोटरची ताकद विचारू नका, जनरेटरची विचारा. विक्रीपत्रकात मोठ्या अक्षरांत मोटरचाच आकडा असतो.

बॅटरीची भीती. साध्या हायब्रिडची बॅटरी फोनसारखी पूर्ण भरत आणि पूर्ण उतरत नाही. कॉम्प्युटर तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवतो, त्यामुळे ती बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा खूप जास्त टिकते. ती अकाली जाण्याचं जे कारण माझ्यासमोर वारंवार येतं ते उष्णता. बऱ्याच गाड्यांत बॅटरी केबिनच्या हवेने थंड होते आणि ती हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर सामान रचलं जातं, धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस अडकतात, पंखा गुदमरतो. ती जाळी नेहमी मोकळी ठेवा आणि प्रत्येक सर्व्हिसला साफ करून घ्या. प्लग-इनच्या बॅटरीचा वापर जास्त खोल असतो, तिथे वॉरंटीत क्षमतेची अट नेमकी काय लिहिली आहे ते वाचूनच सही करा.

आणखी काही गोष्टी, ज्या शोरूममध्ये कुणी सांगत नाही. मोठी बॅटरी भरलेली असली तरी छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर बहुतेक हायब्रिड सुरूच होत नाहीत, कारण मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, तिच्यावरच जोडले जातात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठ-पंधरा दिवसांनी 'रेडी'मध्ये, म्हणजे गाडी चालवायला तयार अवस्थेत, आणून थोडा वेळ ठेवा. फक्त दिवे लागलेल्या अवस्थेत ठेवलीत तर उलट ती आणखी उतरेल. ब्रेक पॅड खूप टिकतात, पण कमी वापरल्याने डिस्क गंजतात, म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एक-दोनदा जोरात ब्रेक लावावा. बऱ्याच गाड्यांत इन्व्हर्टरसाठी वेगळं कूलंट असतं, ते तपासल्याचं बिलावर लिहून घ्या. प्लग-इन महिनोन्महिने विजेवरच चालली तर टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. व्होल्टमध्ये तर ते वर्षभर जुनं झालं की इंजिन आपणहून चालू होऊन ते वापरायची सोय होती. तशी सोय नसेल तर टाकी अर्ध्याखालीच ठेवा आणि मधूनमधून इंजिन पुरेसं गरम होईल इतकं चालवा. नारिंगी रंगाच्या, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलला मात्र कधीही स्वतः हात लावू नका. मोठ्या बॅटरीचा जोड तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं शिल्लक राहते, आम्हीही इन्सुलेटेड हातमोजे घालून, थांबून आणि मीटरने मोजूनच पुढे जातो.

थोडक्यात उजळणी, तुमच्या चार गाड्यांसाठी. ॲव्हरेज जेमतेम वाढलेली ती माइल्ड, तिला किंमतीवर तोला. चार्जिंग लागत नाही म्हणणारी बहुधा प्लॅनेटरी किंवा क्लचवाली फुल हायब्रिड. चार्जिंगची सोय नसलेल्या आणि शहरात जास्त फिरणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा हीच सुचवतो. इंजिन फक्त वीज बनवतं ती सिरीज, शहरात उत्तम, हायवे जास्त असेल तर मोठ्या वेगाला इंजिन थेट जोडलं जातं का ते विचारून घ्या. रोज लावायची ती प्लग-इन, रोजचं अंतर तिच्या विजेवरच्या पल्ल्यात बसत असेल आणि प्लग हाताशी असेल तर पेट्रोल वाचवण्यात तिच्या जवळपास कुणी येत नाही.

विक्रेत्याच्या शब्दांवर न जाता हे चाचणीतच ओळखता येतं. बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असताना आणि इंजिन गरम असताना हलक्या पायाने गाडी काढा. दहा-वीस मीटरसुद्धा इंजिनाशिवाय सरकली नाही तर ती माइल्ड. सरकली, तर पुढे सावकाश वेग वाढवत गिअर बदलल्याचे टप्पे जाणवतात का पाहा: जाणवले तर क्लचवाली, न जाणवता इंजिनाचा आवाज वेगाशी फारकत घेऊन वरखाली झाला तर प्लॅनेटरी किंवा सिरीज. या दोघींतला फरक कानाने सहज कळत नाही, तिथे सरळ विचारा: 'इंजिन कधी तरी थेट चाकांना ओढतं का?' उत्तर लेखी मागा. मग त्याच रस्त्यावर एक मोठा चढ घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि तो आवाज तुम्हाला रोज चालेल का ते ठरवा. माझ्याकडे गाडी घेऊन आलेले कितीतरी लोक ॲव्हरेजवर खूश आणि या एका आवाजावर नाराज असतात, आणि तो आवाज कोणत्याही दुरुस्तीने जात नाही.

रोजचं अंतर, त्यातला शहराचा वाटा, जाण्या-येण्याच्या रस्त्यावर मोठा चढ आहे का आणि गाडी उभी राहते तिथे प्लग आहे की नाही, एवढं कळवलंत तर चारपैकी दोन गाड्या मी लगेच बाजूला काढून देऊ शकेन.